खासदारांकडे काम करायचं म्हणजे नक्की काय करायचं

दिल्लीत एखाद्या खासदारांकडे काम करायचंय, पुढेमागे स्वतःच राजकारणात उतरायचंय, असं म्हणणारी मुलंमुली अधूनमधून फोन करतात. पहिले प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, ओळख लागते का, भाषणं लिहायला मिळतात का. तिन्हींची उत्तरं पुढे देतो. मी महाराष्ट्रातल्या एका लोकसभा खासदारांकडे आधी दिल्लीत संसदीय सहायक म्हणून आणि नंतर त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात काम केलं. त्या अनुभवावरून एवढं नक्की सांगता येईल की भाषण हा या कामाचा सगळ्यांत लहान भाग आहे. गावाकडून आलेलं गाऱ्हाणं संसदेच्या कोणत्या कागदात बसतं ते ओळखायचं, तो कागद नियमात बसवून मुदतीत द्यायचा आणि उत्तर आल्यावर त्याचा पिच्छा सोडायचा नाही, हे खरं काम. खासदारांची कारकीर्दही बरीचशी यावरच चालते. ते टीव्हीवर दिसत नाही, एवढंच.

खासदारांच्या हातात काय असतं

नव्या माणसाने आधी हे गणित समजून घ्यावं. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे एका खासदारांच्या मतदारसंघात सहा आमदार. त्यातले दोन-तीन तरी दुसऱ्या पक्षाचे असतात आणि स्वपक्षाचे असतात त्यांच्याशी जमतंच असंही नाही. काही मतदारसंघ तर दोन जिल्ह्यांत पसरलेले. मावळ घ्या: पनवेल, कर्जत, उरण रायगडात आणि मावळ, चिंचवड, पिंपरी पुणे जिल्ह्यात. म्हणजे दोन जिल्हाधिकारी, दोन पालकमंत्री, दोन ठिकाणच्या बैठका आणि खासदार एकच.

आता पैसे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी खासदारामागे ५ लाख रुपये होते, पुढे १ कोटी, मग २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण महाराष्ट्रात आमदारालाही वर्षाला ५ कोटींचा निधी मिळतो, तोही एका विधानसभा मतदारसंघासाठी. खासदारांचे तेवढेच पैसे सहा मतदारसंघांत वाटायचे, म्हणजे एकाच्या वाट्याला ८०-८५ लाख. त्यात किमान १५ टक्के रकमेची शिफारस अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के रकमेची शिफारस अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी करणं अपेक्षित असतं. सभामंडप, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीची शेड, पेव्हर ब्लॉक या चार मागण्यांवरच निधी संपतो. शिवाय खासदार फक्त शिफारस करतात. काम नियमात बसतं की नाही हे तपासून मंजुरी द्यायची ती जिल्हा प्रशासनाने. धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा खासगी जागेवर हा निधी खर्च करता येत नाही, हे मंदिराच्या सभामंडपासाठी आलेल्या मंडळींना समजावून सांगणं ही एक वेगळीच कला आहे आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राने हा निधीच थांबवला आणि तो परत सुरू झाला नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्या काळात ज्यांची सगळी भिस्त निधीवर होती त्यांना मतदारसंघात तोंड दाखवायची पंचाईत झाली. प्रश्न, पत्रं, बैठका हे ज्यांचं चालू होतं, त्यांचं फारसं अडलं नाही.

लोक मात्र खासदारांकडे सगळंच घेऊन येतात. रेल्वेच्या तिकिटासाठी इमर्जन्सी कोट्याचं पत्र, एम्समध्ये खाट, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून शस्त्रक्रियेला मदत, अडकलेला पासपोर्ट, पीक विमा, तलाठ्याची तक्रार, भाऊबंदकीतला बांध. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी खासदारांचा दहा जागांचा कोटा होता, तो एप्रिल २०२२ मध्ये रद्द झाला. तो रद्द झाल्यावर किती खासदारांनी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला असेल, हे त्यांच्या कार्यालयात बसलेल्यालाच कळेल. दहा जागा आणि शेकड्यांनी अर्ज, म्हणजे दहा घरं खूश आणि बाकी सगळी नाराज.

तलाठी, पोलीस, जिल्हा परिषदेची शाळा हे राज्याचे विषय आहेत आणि खासदारांचा तिथे अधिकार नाही, हे आलेल्या माणसाच्या तोंडावर सांगून चालत नाही. पत्र द्यावं लागतं. पण कार्यालयात बसणाऱ्याच्या डोक्यात तरी हे वर्गीकरण स्वच्छ असावं. कुठे नुसतं पत्र पुरेल, कुठे जिल्हाधिकाऱ्यांना फोन करावा लागेल, कुठला विषय दिशा समितीत घ्यायचा आणि कुठला थेट संसदेत न्यायचा. दिशा समिती म्हणजे केंद्राच्या योजनांवर देखरेख करणारी जिल्हास्तरावरची समिती. अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. अनेक खासदार ही बैठक उरकून टाकतात. माझ्या मते लोकसभा खासदाराला जिल्ह्यात मिळणारं सगळ्यांत धारदार हत्यार हेच. जलजीवन, घरकुल, रोजगार हमी, ग्रामसडक या सगळ्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसलेले असतात आणि इतिवृत्त लिहिलं जातं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त हातात घेऊन बसणारा खासदार आणि रिकाम्या हाताने बसणारा खासदार, यांच्यातला फरक अधिकाऱ्यांना पाच मिनिटांत कळतो.

प्रश्न लिहिणं

संसदीय सहायकाचं मुख्य काम हे. लोकसभेत बैठकीच्या दिवशी सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो, राज्यसभेत दुपारी १२ ते १. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी. एका सदस्याच्या नावावर एका दिवशी पाचपेक्षा जास्त प्रश्न येत नाहीत, त्यातही तारांकित एकच. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. एवढं करून प्रश्न यादीत येईल की नाही आणि कितव्या क्रमांकावर येईल, हे चिठ्ठीवर. तारांकितांच्या यादीत पहिल्या चार-पाचांपर्यंतच तोंडी उत्तराची पाळी येते, बाकीच्यांची उत्तरं लेखी मिळतात. आपल्या खासदारांचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर लागला की कार्यालयात पेढे वाटायचेच काय ते बाकी असतं.

अधिवेशनाच्या आधी बुलेटिनमध्ये तक्ता येतो: कोणत्या वारी कोणत्या मंत्रालयाचे प्रश्न, आणि कोणत्या तारखेच्या सूचना कधीपर्यंत. तो भिंतीवर लावा. निम्मी लढाई तारखांचीच असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, एका गावचे लोक आले. रेल्वेचं फाटक बंद करून तिथे भुयारी मार्ग केला आहे, पावसाळ्यात तो पाण्याने भरतो, शाळेची मुलं आणि दुधाच्या गाड्या अडकतात. नवशिका सहायक उत्साहाने लिहितो:

"अमुक गावाजवळील भुयारी मार्गात पाणी साचत असून नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत, याची रेल्वेमंत्र्यांना कल्पना आहे काय व हा अन्याय केव्हा दूर होणार?"

हा प्रश्न बहुधा बादच होतो. एका गावापुरती, रोजच्या कारभारातली बाब म्हणून सचिवालय तो बाजूला ठेवतं. "अन्याय", "अतोनात" असे मत मांडणारे शब्द प्रश्नात चालत नाहीत. समजा निघाला तरी उत्तर येणार की तक्रारी आल्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येते. त्यातून हाती काहीच लागत नाही. तोच विषय असा लिहा:

"(क) गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रात फाटके बंद करून बांधलेल्या भुयारी मार्गांची रेल्वे विभागनिहाय संख्या किती, (ख) त्यांपैकी किती ठिकाणी पावसाळ्यात पाणी साचत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या, (ग) पाण्याच्या निचऱ्यासाठी मंजूर व खर्च झालेल्या रकमेचा वर्षनिहाय तपशील काय, आणि (घ) अमुक मतदारसंघातील अशी कामे पूर्ण करण्याची कालमर्यादा काय?"

इथे तुम्ही मंत्र्यांकडे आकडे मागता आहात. आकडा लेखी आला की तो पुढच्या प्रत्येक पत्राला जोडता येतो. (ग) च्या उत्तरात मंजूर रक्कम मोठी आणि खर्च लहान दिसला तर पुढचा प्रश्न, पुढचं पत्र आणि विभागीय रेल्वे व्यवस्थापकांबरोबरची पुढची बैठक, तिन्ही आपोआप तयार होतात. आणि गावाचं काम (घ) मध्ये शिताफीने बसवलेलं आहेच.

या सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत द्याव्या लागतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे उगीच दबकतात. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो आणि जुने शे-दोनशे प्रश्न वाचले की तो अंगवळणी पडतो. लोकसभेच्या संकेतस्थळावर सगळे प्रश्न आणि उत्तरं उघडी आहेत, कुणाची परवानगी लागत नाही. खरी अडचण विषय कळण्याची असते. केंद्राच्या अखत्यारीत नसलेला विषय, उपलब्ध कागदपत्रांत सहज मिळणारी माहिती, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण, आधी उत्तर आलेला प्रश्न, हे सगळं नियमाने बाद होतं. संविधानाच्या सातव्या परिशिष्टातल्या तिन्ही सूची आधी नीट वाचा. स्पर्धा परीक्षा दिलेल्यांना हे पाठ असतं, पण पाठ असणं आणि समोर आलेलं निवेदन पाहून "हा समवर्ती सूचीतला विषय, केंद्राला विचारता येईल" हे चटकन सुचणं वेगळं.

उत्तरात एक वाक्य शोधायची सवय लावून घ्या: "माहिती संकलित करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल." वाचणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. संसदेच्या लेखी हे आश्वासन आहे. आश्वासनांसाठी दोन्ही सभागृहांची स्वतंत्र समिती असते आणि आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. अशा उत्तरांची आम्ही एक वही ठेवली होती. तारीख, मंत्रालय, काय म्हणाले, पुढे काय झालं. एक्सेलमध्ये ठेवा हवं तर, पण ठेवा. तीन महिने उलटले की साहेबांच्या सहीने स्मरणपत्र. बऱ्याच कामांना गती आली ती भाषणाने नाही, या स्मरणपत्रांनी.

सभागृहात बोलणं

बोलायची संधी पक्षाच्या संख्याबळावर मिळते. मोठ्या विधेयकावरच्या चर्चेत पक्षाला वेळ मिळतो आणि पक्ष तो आपल्या माणसांत वाटतो. पहिल्यांदा निवडून आलेल्यांच्या वाट्याला चार-पाच मिनिटं, तीही संध्याकाळी सातनंतर, बाकं रिकामी झाल्यावर. म्हणून नवे खासदार शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायची वेळ, आणि लेखी सूचना देऊन मतदारसंघाचा विषय मांडू देणारा लोकसभेचा नियम ३७७ यांवर भर देतात. शून्य प्रहरात दोन-तीन मिनिटांत विषय मांडायचा. ३७७ ची सूचना २५० शब्दांच्या आत असते आणि मंजूर झालेला मजकूर जसाच्या तसा वाचायचा, मध्ये एक शब्दही घालायचा नाही. राज्यसभेत याला समांतर अशी विशेष उल्लेखाची सोय आहे.

तीन मिनिटांचं लिहिताना पहिल्याच वाक्यात जिल्हा, विषय आणि मागणी आली पाहिजे. शिवाजी महाराजांना वंदन, अध्यक्षांचे आभार, पक्षश्रेष्ठींचे आभार, यातच पहिलं मिनिट जातं आणि मागणीवर यायच्या आत घंटा वाजते. साहेबांना हे पटवायला वेळ लागतो, कारण क्लिप गावाकडे जाणार असते आणि गावाकडे वंदन लागतंच. आम्ही तडजोड काढली होती: वंदन शेवटी.

मराठीतून बोलता येतं. संविधानाच्या १२० व्या अनुच्छेदात मातृभाषेची सोय आहे. मात्र आधी सूचना द्यावी, आणि भाषणाची प्रत दुभाष्यांकडे आधी पोचवली तर फारच बरं. आकडे, गावांची नावं, योजनांची नावं कानावरून पकडणं कठीण असतं. मराठीतलं दमदार भाषण भाषांतरात लुळं पडतं ते बहुतेकदा प्रत न दिल्यामुळे.

पक्षादेश आणि मोकळी जागा

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतरबंदी आली. पक्षादेश निघाला की मतदान पक्ष सांगेल तसंच. विधेयकावर खासदारांचं स्वतःचं मत काय, हा प्रश्न मतदानापुरता गैरलागू ठरतो. कॉलेजातून थेट आलेल्या, आदर्शवादी मुलांचा इथे विरस होतो. पण मोकळी जागा आहे. प्रश्नांवर पक्षादेश नसतो. समित्यांमध्ये नसतो. खासगी सदस्यांच्या विधेयकात, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेल्या विधेयकात, आपला विचार मांडता येतो.

विभागांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे सभागृहात एकमेकांवर ओरडणारे सदस्य तिथे सचिवांना मिळून धारेवर धरतात, असं खासदारच सांगतात. सहायकाला आत जाता येत नाही. आपलं काम आधीचं. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, तेव्हा दोन पानांचं टिपण लागतं. त्यात तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. ज्या योजनेचा सुधारित अंदाज निम्म्यावर आला असेल तिथे बोट ठेवा आणि कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल असेल तर त्यातला परिच्छेद क्रमांक द्या. दोन पानांच्या वर लिहू नका. विमानात वाचलं जातं ते, आणि विमानात झोपही येते.

खासगी सदस्यांच्या विधेयकांची टिंगल होते. आजवर अशी फक्त १४ विधेयकं मंजूर झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. मग कशाला लिहायची? बॅ. नाथ पैंचं उदाहरण पाहा. राजापूरचे खासदार. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांत बदल करायचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा १९६७ मध्ये नाथ पैंनी तो अधिकार स्पष्ट करणारं घटनादुरुस्तीचं विधेयक खासगी सदस्य म्हणून मांडलं. ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली, त्याच आशयाची. ती दिशा बरोबर होती की नाही यावर आजही वाद घालता येईल. पण विरोधी बाकावरच्या एका खासदाराने देशाला त्या प्रश्नावर बोलायला लावलं होतं.

त्याच राजापूरचे पुढचे खासदार मधू दंडवते. १९७१ पासून ते सलग वीस वर्षं तिथून निवडून आले, रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेची मागणी त्यांच्याही आधीपासूनची. महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये आणि पूर्ण मार्ग सुरू झाला जानेवारी १९९८ मध्ये. एका विषयाचा पाठपुरावा दोन-दोन खासदारांच्या कारकिर्दी पुरतो. हे नव्या माणसाने आधीच ऐकून ठेवलेलं बरं, कारण पहिल्या सहा महिन्यांत "आपण लिहिलेल्या प्रश्नाने काय झालं?" हा प्रश्न पडतोच. नाथ पै, दंडवते, मधू लिमये यांची सभागृहातली भाषणं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात वाचायला मिळतात. लिमयांची मुद्दाम वाचा. नियमांचं पुस्तक हातात धरून सरकारला कसं अडवायचं ते तिथे दिसतं.

लॉगिन, पास आणि सही

या तीन गोष्टींत ढिलाई नको. सूचना आता ऑनलाइन जातात आणि खासदारांचं लॉगिन ही त्यांची सही आहे. २००५ च्या डिसेंबरात प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना सदस्यत्व गमवावं लागलं, लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचे एक. डिसेंबर २०२३ मध्ये लॉगिनचा तपशील बाहेरच्या माणसाला दिल्याच्या मुद्द्यावरून लोकसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी झाली. त्याच महिन्यात, १३ तारखेला, प्रेक्षक सज्जातून दोन जणांनी सभागृहात उडी घेतली, आणि ते आत आले होते ते एका खासदाराच्या शिफारशीने मिळालेल्या पासवर. गावाकडून "संसद बघायची आहे" असे फोन येतात तेव्हा नाही म्हणणं जिवावर येतं. तरीही, ज्याला खासदार स्वतः ओळखत नाहीत त्याचा अर्ज पुढे करू नका. आणि एखादी संस्था किंवा कंपनी तयार प्रश्न घेऊन आली तर तो जसाच्या तसा कधीही घालायचा नाही. विषय चांगला असू शकतो, मग साहेबांना दाखवा, पटला तर आपण आपल्या शब्दांत लिहू. कोऱ्या लेटरहेडवर सही घेऊन ठेवायची पद्धत काही कार्यालयांत आहे. तिथे नोकरी लागली तर ती पद्धत पहिल्या आठवड्यात बंद करा, किंवा नोकरी सोडा.

पगार, आयुष्य आणि प्रवेश

खासदारांचं वेतन १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला १ लाख २४ हजार रुपये आहे. मतदारसंघ भत्ता ८७ हजार आणि कार्यालयीन खर्चासाठी ७५ हजार. या ७५ हजारांतले ५० हजार सहायकांसाठी असतात आणि खासदार सांगतील त्या व्यक्तीला सचिवालय ते देतं. आता तुम्हीच हिशेब करा. दिल्लीचा एक सहायक, मतदारसंघातले दोन-तीन स्वीय सहायक, चालक, सोशल मीडिया बघणारा मुलगा, सगळे त्या ५० हजारांकडे बघत असतात. म्हणजे तुमचा पगार खासदार पदरचे किती घालतात यावर ठरतो. तो आधी स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका. भविष्य निर्वाह निधी, रजा, विमा याची अपेक्षा ठेवू नका.

ओळख लागते का? लागते, पण एक सरळ दारही आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून लॅम्प फेलोशिप चालवते. कोणत्याही शाखेचे पदवीधर, वय २५ पर्यंत. निवड झाल्यावर एका खासदारांबरोबर पावसाळी अधिवेशनाच्या आधीपासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत काम करायला मिळतं. महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्या-मुंबईबाहेरून, कमी मुलं अर्ज करतात असं माझं निरीक्षण आहे. आपल्याला जमणार नाही असं आधीच ठरवून टाकतात.

खासदारांचं स्वतःचं आयुष्य जवळून पाहिलं की हेवा वाटायचा थांबतो. अधिवेशनात सोमवार ते शुक्रवार दिल्ली, शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांचं कामकाज सुरू होतं त्या सुमारास बरेच जण विमानतळाच्या वाटेवर. वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात. शनिवार-रविवारी लग्नं, सांत्वनाच्या भेटी, दहावे, उद्घाटनं, रात्री पदाधिकाऱ्यांची बैठक. लग्नाला गेलं नाही तर लोक लक्षात ठेवतात, सभागृहात प्रश्न विचारला नाही तर फारसं कुणाला कळतही नाही. या ओढाताणीत दिल्लीतला अभ्यास मागे पडतो, आणि तो पडू न देणं हेच तुमच्या नेमणुकीचं कारण. स्वतः खासदार व्हायचं स्वप्न असेल, तर लोकसभेला वयाची अट २५ आणि राज्यसभेला ३०, पण महाराष्ट्रातली रुळलेली वाट जिल्हा परिषद, सहकारी संस्था, विधानसभा अशीच आहे. सहायकपदावरून ती वाट छोटी होत नाही, फक्त तिथे पोचल्यावर काय करायचं हे आधीच माहीत असतं.

आणखी एक. लोकसभा विसर्जित झाली की तुमचं पदही संपतं, साहेब परत निवडून आले तरी नव्याने सुरुवात. त्यामुळे शेवटच्या वर्षात पाठपुराव्याच्या सगळ्या फायली मतदारसंघातल्या कार्यालयात पोचत्या करा. इथून पुढे लोक धोरण संशोधनात, वकिलीत, कंपन्यांच्या सरकारी व्यवहार विभागांत, निवडणूक प्रचाराच्या कामात जातात. काही जण दुसऱ्या खासदारांकडे.

नव्या खासदारांकडे जायची सगळ्यांत चांगली वेळ निकालानंतरचे पहिले काही आठवडे. ते महाराष्ट्र सदनात किंवा वेस्टर्न कोर्टात उतरलेले असतात, घर मिळालेलं नसतं, समिती ठरलेली नसते, हाताशी माणूस नसतो. चार पानांचा बायोडेटा घेऊन जाऊ नका. त्यांच्या मतदारसंघावर दोन पानं लिहून न्या. आधीच्या खासदारांनी पाच वर्षांत कोणते प्रश्न विचारले, त्यांतल्या कोणत्या उत्तरांत आश्वासन होतं, केंद्राच्या कोणत्या प्रकल्पांना त्या जिल्ह्यात मंजुरी आहे पण खर्च दिसत नाही, आणि पहिल्या अधिवेशनात विचारता येतील असे तीन प्रश्न, १५० शब्दांच्या आत, नियमात बसणारे. ही सगळी माहिती उघडी आहे, दोन-चार दिवसांत जमते. मुलाखतीत ते बहुधा तिसऱ्या प्रश्नावर थांबून विचारतील, "हे आपल्याला विचारता येतं?" तेव्हा नियमाचा क्रमांक सांगता आला पाहिजे.